टबातली सात पाकिटं

मी माझ्या आक्काची सात पत्रं कोमट पाण्याच्या टबात भिजत घातली. पाकिटांत पत्रं आहेत हे मला ठाऊक नव्हतं. उघडून बघितलं असतं तर ठाऊक झालं असतं, पण बघितलं नाही.

आधी त्या टबाचं सांगतो. बेळगावच्या एका सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर गेली. हजारो पाकिटं हाताखालून गेली, पण एकाही तिकिटाकडे मी कधी मान वळवून बघितलं नाही. आणि निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ठरवलं, की जगातल्या प्रत्येक देशाचं निदान एक तरी टपाल तिकीट आपल्याकडे असलंच पाहिजे. खडेबाजारात एका जुन्या कागदवाल्याकडे परदेशी पाकिटांचा गठ्ठा मिळाला, तिथून हे खूळ लागलं. अल्बम आणले, चिमटा आणला, भिंग आणलं, टीपकागद आणला. देश मराठी वर्णमालेप्रमाणे लावले. 'हेल्वेशिया' नावाच्या देशाला ऐटीत दोन पानं दिली आणि वर्षभर स्वित्झर्लंडचं रिकामं पान उघडून हळहळत बसलो, की एवढा मोठा देश आणि आपल्याला त्याचं एक तिकीट मिळू नये! ते दोन्ही एकच, हे कोल्हापूरच्या एका संग्राहकानं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. बायको या सगळ्याला 'ह्यांचं दुसरं ऑफिस' म्हणते.

आक्का माझी थोरली बहीण, निपाणीला असते. दाजी, म्हणजे तिचे मालक, वेल्डर होते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी लिबियात पाइपलाइनच्या कामावर गेले, नंतर इराक, मग मस्कत. जाऊन-येऊन पंधरा वर्षं त्यांचा संसार टपालानं चालला. दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची पत्रं आक्कानं पत्र्याच्या एका डब्यात ठेवलीत. अलीकडे पाचेक वर्षं मोतीबिंदूमुळं तिला ती वाचता येत नव्हती. सुनेकडून वाचून घ्यायला लाज वाटायची. मग अधूनमधून डबा नुसता उघडायची आणि झाकून ठेवायची.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बेळगावात करायचं आणि त्या दिवसांत तिनं आमच्याकडे राहायचं, असं ठरलं. ते सगळं पक्कं करायला म्हणून मी निपाणीला गेलो होतो आणि तिथं माझी नजर त्या डब्यावर पडली. लिबियाची तिकिटं माझ्याकडे नव्हती. मी इतका मागं लागलो की शेवटी वैतागून तिनं डबा माझ्या हातात ठेवला. डोळा नीट झाला की पहिल्यांदा हीच पत्रं वाचणार आहे, तोवर काय ते तिकिटांचं उरकून घे, म्हणाली. आणि एक अट घातली.

"कात्री लावायची न्हाय हां. पाकीट हाय तसं मला परत पायजे."

मी शब्द दिला. तिकीट काढायची सगळ्यांची रीत अशी, की तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून पाकिटाचा कोपरा कापायचा आणि तेवढा कोपराच कोमट पाण्यात सोडायचा. डिंक सुटला की तिकीट अलगद निघतं. पण मी तर कात्री न लावण्याचा शब्द दिलेला. म्हणून डोकं चालवलं आणि सात पाकिटं अख्खीच्या अख्खी पाण्यात सोडली. पत्रांचा गठ्ठा नाडीनं बांधून डब्यात वेगळा होता, त्यामुळं पाकिटं रिकामी असणार असं मी धरून चाललो. हाताला ती चपटी लागत होती. विमानपत्राचा कागद किती पातळ असतो, हे आवक-जावक टेबलावर पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आठवायला हरकत नव्हती.

पाच मिनिटांनी पाण्यात निळी रेघ उठली. मग दुसरी. काही जुन्या तिकिटांचा रंग पाण्यात सुटतो, असं कुठंतरी वाचलं होतं. माझ्या लिबियाच्या तिकिटांवरचे घोडेस्वार गेले, असं वाटून मी धडपडत चिमटा घेतला आणि एकेक करून सातही तिकिटं सोडवली, टीपकागदावर पालथी घातली, वर दुसरा टीपकागद दाबला. यात पुरी दहा मिनिटं गेली. घोड्यांना काही झालं नव्हतं. मग हा निळा रंग आला कुठून, म्हणून पाकीट उचललं, तर आतून साय घसरावी तसा घडी घातलेला कागद घसरून पाण्यात पडला.

सातांतली दोन पत्रं बॉलपेननं लिहिलेली होती, ती बचावली. पाच शाईच्या पेननं लिहिलेली होती. ती लिबियातली पहिल्या वर्षाची. एकावर वरच्या कोपऱ्यात अर्धा 'श्री' राहिला होता, बाकी सगळं आभाळ.

बेळगावचा श्रावण. रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही. मी कागद दोरीवर घातले, पंख्याखाली ठेवले, इस्त्री फिरवली. बायकोनं आधी दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाली, वन्सं यायच्या आत फोन करून सांगून टाका. मी म्हणालो, बघू. कचेरीत पस्तीस वर्षं मी याच शब्दावर काढलेली. पण तिथं लोक बाहेर बाकावर वाट बघत असायचे. इथं जिला वाट बघायला लावत होतो, ती पिशवी घेऊन माझ्याच घरी यायची होती.

गुरुवारी भाचा तिला सोडून गेला. त्या दिवसापासून मी घरात चोरासारखा वावरायला लागलो. तिला फार दिसत नव्हतं, पण हात सगळीकडे फिरायचे. पाणी प्यायला जाताना तिचा हात दोरीवरच्या ओल्या कागदाला लागला. बोटांनी तो चाचपत तिनं विचारलं, हे काय वाळत घातलंयस? मी म्हणालो, तिकिटं. एवढं मोठं तिकीट असतंय व्हय, म्हणाली आणि पुढं गेली. मी खांबाला टेकून उभा राहिलो.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर बसलेले सगळे आपापल्या माणसासाठी देवाला काहीतरी मागत होते. मी काय मागितलं ते लिहायला लाज वाटते. मी मागितलं, की डोळा नीट होऊ दे, पण सावकाश.

देवानं पहिलं ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आक्कानं मान वळवून पहिल्यांदा मला बघितलं आणि किती पांढरा झालास रं, म्हणाली. ती केसांचं म्हणत होती, मी चेहऱ्याचं समजलो. डॉक्टरांनी थेंब दिले, जवळचं बघायला तात्पुरता चष्मा दिला आणि आठ दिवस वाचन करू नका म्हणून बजावलं. तो आठवडा मी एकेक दिवस मोजत काढला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, तुम्ही सांगताय की मी सांगू? सांगितलं, असं मी ठोकून दिलं. काय म्हणाल्या, असं तिनं विचारलं, तर म्हणालो, गप्पच आहे. बायकोला ते पटलं, कारण अशा वेळी आक्का गप्पच बसणार हे तिलाही ठाऊक. त्या दिवसापासून ती आक्काशी जरा जास्तच मायेनं वागायला लागली. आक्का मला विचारायची, हिला झालंय तरी काय?

सातव्या दिवशी, शनिवारी दुपारी, आक्कानं डबा मागितला. आठ दिवस व्हायचेत, असं मी दोनदा सांगून बघितलं. एक दिवसानं काय हुतंय, म्हणाली. डबा मी आधीच लावून ठेवला होता. बॉलपेनवाली पत्रं वर आणि ती पाच अगदी तळाशी, इस्त्री करून, आपापल्या पाकिटात.

ती खिडकीपाशी बसली. वरचं पत्र उघडलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. मधेच हसली. तिथं दाजींनी कांद्याविना केलेल्या आमटीचं काहीतरी लिहिलं होतं, ते मला वाचून दाखवलं. दुसरंही वाचलं. मला वाटलं, आता दमेल. पण तिनं हात थेट डब्याच्या तळाशी घातला. पहिलं आलेलं पत्र ती कायम सगळ्यात खाली ठेवत आलेली. माझ्या लक्षात ते आलं नव्हतं. लपवायला म्हणून ज्या जागेवर मी ते ठेवलं होतं, तीच त्याची जागा होती.

तिनं घडी उलगडली. कागद जवळ घेतला, लांब धरला. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. डावा डोळा हातानं झाकून उजव्यानं बघितलं. मग हळूच म्हणाली,

"ह्यात नुसता धूर दिसतोय रं. मगा चांगलं दिसत हुतं की."

तिनं कागद परत एकदा खिडकीच्या उजेडात धरला.

"डाक्टर नगं म्हणत हुता. माझीच घाई. गेला वाटतं डोळा."

इथं मी तोंड उघडलं, अगदी खरं सांगतो, सगळं सांगायचं म्हणूनच उघडलं. पण बाहेर पडलं ते, "दमला असेल डोळा, जरा मिटून ठेव."

आणि तिनं मिटला. काळा चष्मा लावून, वर हाताचा तळवा ठेवून ती पलंगावर बसली ती बसलीच. परत उघडून बघायची तिची छाती होईना. उघडला आणि दिसलं नाही तर? दवाखाना शनिवारी दुपारी बंद झालेला, तो सोमवारी उघडणार. ते दोन दिवस तिनं डोळा उघडला नाही आणि मी तोंड उघडलं नाही. बायकोला वाटलं, पत्रांच्या दुःखानंच ती अशी बसलीय. दर तासाला ठरवायचो, आता सांगू. खोलीच्या दारापर्यंत जायचो. आत तिचे ओठ हलताना दिसायचे, नवस बोलल्यासारखे. मग थेंबांची बाटली हलवून बघायचो आणि माघारी यायचो. सुरुवातीला भीती होती ती तिला पत्रांचं कळेल याची. आता त्यावर दुसरी बसली, की हे दोन दिवस गप्प राहिल्याचं कळेल. तास जाईल तशी दुसरी मोठी व्हायला लागली, आणि तिच्यापुढं पहिली मला जवळजवळ बरी वाटायला लागली. रविवारी जीव रमवायला म्हणून लिबियाचं पान लावायला घेतलं. सात घोडेस्वार ओळीनं बसवले.

सोमवारी रांगेत आमचा नंबर लवकर लागला. डॉक्टरांनी भिंतीवरचा कन्नड तक्ता उलटवून मराठी लावला आणि वाचा म्हणाले. आक्का डोळा उघडेना. डॉक्टरांनी समजूत काढली तेव्हा कुठं तिनं पापणी किलकिली केली. वरचं मोठं अक्षर वाचलं. मग खालची ओळ. मग त्याखालची. शेवटच्या बारीक ओळीत एक अक्षर चुकलं, तेवढंच.

"अज्जी, डोळा फस्टक्लास आहे," डॉक्टर म्हणाले. "कोण म्हणालं गेला म्हणून?"

आक्कानं पिशवीतून ते पाकीट काढलं आणि पत्र त्यांच्यापुढं धरलं. मग ह्यातलं का दिसंना, असं विचारलं. डॉक्टरांनी कागद दिव्याखाली नेला, उलटा केला, सुलटा केला. मग शांतपणे सांगितलं, की यात अक्षरंच नाहीत, हे पाण्यात भिजलेलं आहे. आणि ते माझ्याकडे बघायला लागले. आक्कानंही मान वळवली. नव्या डोळ्यानं ती मला किती स्वच्छ बघत होती, ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं.

मी सगळं सांगितलं. एका दमात, टबापासून इस्त्रीपर्यंत. आधी तिकिटं वाचवली हेही सांगून टाकलं, ते कुणी विचारलं नव्हतं. दारात उभे राहिलेले पुढच्या नंबरचे दोघं कान देऊन ऐकत होते.

आक्कानं पत्राची घडी होती तशीच घातली, पाकिटात सरकवली आणि उठली. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला, तिनं दिली नाही. जिना तिनं एकटीनं उतरला, एकेक पायरी नीट बघून. मी मागं मागं. बाहेर रिक्षा उभी होती. पत्रांबद्दल काय बोलेल याची मी मनात उत्तरं जुळवत होतो. रडेल, शिव्या देईल, निपाणीची गाडी धरेल. रिक्षात बसून तिनं पदर सावरला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"पत्राचं मागनं बोलू," म्हणाली. "डोळा गेला म्हणून दोन दिस माझ्या घशाखाली घास उतरंना, आनि तू माझ्यापुढं बसून दोन्ही टायमाला परत भात वाढून घेतलास."