परीक्षेच्या दिवशीची अफू

आमची वाडी कान्ह्याच्या पलीकडे डोंगराच्या पायाशी होती. घरची जमीन नव्हती. मानमोडीच्या साथीत वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि आईला सहावा महिना होता. बहीण सव्वा महिन्याची झाली तशी आई रुळांच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. आजीनंही घाटात दगडच वाहिले होते.

खडीवर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना सकाळी अफू देत. बाजरीच्या दाण्याएवढी गोळी दुधात कालवायची आणि बोटानं जिभेला लावायची. मूल दुपार टळेपर्यंत निजून राही. यात वाईट काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं. मला दिली होती, आईला तिच्या आईनं दिली होती.

बहीण झाल्यावर माझी शाळा सुटणारच होती. ती सुटली नाही याचं कारण मास्तरांची बहीण. त्या लहानपणीच विधवा झालेल्या, पुण्यात शिकलेल्या होत्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. शाळेत मुली का येत नाहीत हे त्यांनी घरोघर जाऊन पाहिलं. प्रत्येकीच्या काखेत एक मूल होतं. मग त्यांनी जुनी लुगडी मागून आणली आणि शाळेच्या पडवीत आढ्याला चार झोळ्या बांधल्या. मुली आत शिकायच्या, मुलं बाहेर झोळीत. शनिवारी त्या आम्हाला आंघोळ घालत, खरजेला गंधक लावत, उवा काढत. दुपारी नाचणीची आंबील देत. पावसाळ्यात हिवताप आला की कोयनेल देत, आणि ते गिळेपर्यंत समोरून हलत नसत.

त्यांची अट एकच होती. अफू दिलेलं मूल त्या झोळीत घेत नसत. आईनं कबूल केलं आणि बहिणीची अफू बंद झाली. ती अंगानं भरली, पण रडूही लागली. शेजारची काकू म्हणे, "पोरगी दिसभर बोंबलती, ह्ये काय चांगलं व्हय? आमची बग कशी गपगार निजत्यात."

मी चौथीत असताना बाईंना लोणावळ्याहून बोलावणं आलं. तिथं एका शेठाणीनं कामकरी बायांच्या मुलांसाठी घर काढलं होतं, ते बाईंनी चालवायचं होतं. हाताखाली लिहिता येणारी मुलगी हवी होती. कुणाला किती दूध, कुणाला कसलं औषध, हे रोज टिपून ठेवायचं होतं. शेठाणीचं म्हणणं, मुलगी निदान चौथी पास पाहिजे. बाई आईला म्हणाल्या, "ही पास झाली तर घेऊन जाते. धाकटीलाही घेईन. तुम्हीही या, तिथं स्वयंपाकाला बाई लागेल."

नापास झाले तर काय, तेही ठरलेलं होतं. मामानं सुदुंबऱ्याचा एक बिजवर पाहून ठेवला होता. मी तिकडे जाणार आणि बहीण परत खडीच्या ढिगाऱ्याशेजारी निजणार.

विहिरीवर काकूनं मला आणि आईला गाठलं. "काय गं, दिपोटी तुला बालिस्टर करनार म्हनं?"

आई म्हणाली, "बालिस्टर न्हाई, चौथी."

"मंग बरं झालं. नवऱ्याला पाडे म्हनून दावंल."

सगळ्या हसल्या, आईही हसली. मी घागर उचलून पुढे निघाले. मला चारचौघांत बोलता येत नसे, अजूनही येत नाही.

दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. ते वर्षातून एकदा येत आणि तेच परीक्षा घेत. त्या आधीचे दोन दिवस बहिणीला दात येत होते. अंग गरम होतं आणि ती सारखी रडत होती. परीक्षेच्या सकाळी मी अंगण झाडून आत आले तेव्हा आई पाण्याला गेली होती. बहीण जागीच होती, कुरकुरत होती. आईची चंची खुंटीला होती, उरलेली अफू तिच्यातच होती. मी गोळी काढली. बाजरीच्या दाण्यापेक्षा मोठी निघाली. कमी करावी हे मनात आलं होतं. केली नाही. ती पडवीत रडली असती तर दिपोटी चिडले असते, आणि मी तर गणितच विसरले असते. जिभेला लावून मी तिला काखेत घेतलं. शाळेत पोचेपर्यंत ती निजली होती. बाई साहेबांच्या गडबडीत होत्या, त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मी तिला झोळीत ठेवून आत गेले.

फळ्यावर गणित होतं. आठ माणसं एक विहीर बारा दिवसांत खणतात, तर सहा माणसांना किती दिवस लागतील. मी पाटीवर मांडणी केली तेवढ्यात खिडकीतून बाईंनी मला बोटानं बोलावलं. मास्तरांनी मान हलवली तशी मी बाहेर गेले. बाईंच्या हातात बहीण होती. तिची मान लोंबत होती आणि ओठ जांभळे दिसत होते.

"काय दिलंस?"

"अफू."

"किती?"

मी करंगळीच्या नखाचं टोक दाखवलं.

बाईंनी तिची पापणी वर करून पाहिली. मग म्हणाल्या, "आत जा. गणित पुरं कर."

"मी हितं..."

"इथं तुझा काही उपयोग नाही. जा."

मी आत जाऊन बसले. बाहेर बाई तिच्या तळव्यांवर चापट्या मारत होत्या. पाणी मारल्याचा आवाज आला. मग त्यांनी भावाच्या घरून कॉफी करून मागवली, बिनदुधाची, आणि थेंब थेंब तिच्या तोंडात सोडली. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त चापट्या आणि पाणी ऐकू येत होतं. मी उत्तर लिहिलं, सोळा. बरोबर होतं. दिपोटींनी धडा वाचायला सांगितला, मी वाचला. नकाशावर इंद्रायणी कुठून निघते ते विचारलं, मी बोट ठेवलं. त्या दिवशी मी एकही चूक केली नाही.

तिसऱ्या प्रहरी पडवीत बहीण रडली.

संध्याकाळी बाई स्वतः तिला घेऊन आमच्या घरी आल्या. आई नुकतीच कामावरून येत होती. बाईंना दारात पाहिलं आणि तिनं डोक्यावरची पाटी खाली टाकली. कुणी काही बोलायच्या आत तिनं बाईंचे पाय धरले.

"बाई, माजं चुकलं. म्याच दिली. पान्याला जायच्या आदी दिली. हिची परीक्षा हुती, पोरगी रडली असती म्हून दिली. रोज न्हाई देत, तुमच्या गळ्याशपत."

तेव्हा मला कळलं की सकाळी बहिणीला दोनदा अफू गेली होती. एकदा आईच्या हातून आणि एकदा माझ्या. आईच्या गोळीनं ती अजून निजली नव्हती, एवढंच.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. आई कपाळ बडवत होती, "म्या लेकराला मारलं असतं, म्या मारलं असतं." मी काही बोलले नाही. शेवटी बाई म्हणाल्या, "उठा. पुन्हा देऊ नका." आणि गेल्या.

आईनं चंची चुलीत घातली.

मी पास झाले. लोणावळ्याला जायच्या दिवशी कान्ह्याच्या स्टेशनात आई बहिणीला घेऊन दूर बसली होती. बाई माझ्याशेजारी उभ्या होत्या.

"तू आईला सांगितलं नाहीस."

"नाही."

"तिथल्या बाया मला खोटं सांगतील. अफू दिली असली तरी नाही म्हणतील. तुझ्यापुढं लपणार नाही, म्हणून तुला नेतेय. पास झालीस म्हणून नाही."

मला राग आला नाही, बरंही वाटलं नाही. गाडी आली आणि आम्ही बसलो.

त्या घरात मी पंचवीस वर्षं होते. सकाळी सातला बाया मुलं आणून देत. मी प्रत्येकीला विचारायची, "आज काही दिलं का?" त्या नाही म्हणत. मी मुलाला उजेडाकडे नेऊन डोळा पाही. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असली की कळे. मग मी त्याच्या आईवर ओरडत नसे. मूल बाईंकडे नेई, आणि तिला सांगे, उद्या रडलं तरी चालेल, आम्ही आहोत रडणं ऐकायला. काही ऐकत. काही मुलं गेली. त्यांची नावं वहीत आहेत, ती मी वाचत नाही. पुष्कळ जगली. दूध, आंघोळ, कोयनेल, मग बालवर्ग, मग गावातली शाळा. एक रेल्वेत फायरमन झाला, दोघी सुइणीचं काम शिकल्या. काही मोठी होऊन परत खडीवरच गेली, पण त्यांनी आपली मुलं आमच्याकडे आणून घातली.

बहीण तिथंच वाढली. सातवी झाली आणि पुण्याला ट्रेनिंगला गेली. आज ती मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. आई नि मला त्या घरात जेवणखाण आणि कपडे मिळत, महिन्याच्या महिन्याला पगार आणणारी आमच्या घराण्यात ती पहिली. आईनं तिथं स्वयंपाक केला, पुन्हा हातोडी धरली नाही.

मागच्या पावसाळ्यात आई अंथरुणाला लागली. बहीण रजा घेऊन आली होती. एका दुपारी आई तिला म्हणाली, "तुला म्या अफू घालून मारत हुते बग, तू धा म्हैन्याची हुतीस. बाईंबिगर कुनाला सांगितलं न्हाई. तुज्या अक्काला ठावं हाय."

बहीण हसली. "मारलं कुठं आई? मी ही काय बसलेय."

"न्हाई, पर म्याच."

"बरं, तूच. आता पाणी पी."

मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "अक्का, खरंच असं झालं होतं?"

मी हो म्हणाले. आई माझ्याकडे बघत होती. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तिच्यावरचा निम्मा भार उतरला असता. मला ते वाक्य पाठ होतं, इतकी वर्षं पाठ होतं. आई पुढं तीन आठवडे जगली. त्या तीन आठवड्यांतही मी ते बोलले नाही.

आई गेल्यावर मी बहिणीकडे राहायला आले, पण तिला अजून सांगितलेलं नाही. ती शाळेत जाते तेव्हा तिची मुलगी माझ्याजवळ असते. मुलगी चार वर्षांची आहे, रडली की मोठ्यानं रडते. मी तिला रडू देते.