बाबांना न पटलेली हँडबिलं

माझ्या कामाचे सगळ्यात कडक परीक्षक म्हणजे बाबा, आणि त्यांनी मला कधीच पास केलं नाही. मी उल्हासनगरच्या एका बिल्डरसाठी फ्लॅटची हँडबिलं करायची. पेपरात घालून ती अंबरनाथ-बदलापूरभर वाटली जायची आणि आमच्याही पेपरातून पडायची. बाबा चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचायचे, "छान काढलंयस" म्हणायचे, आणि कागद उलटा करून कोऱ्या बाजूवर शब्दकोड्याची जुळवाजुळव सुरू करायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडे जिथे बघावं तिथे इमारती उठत होत्या, आणि हँडबिलं मात्र सगळी एकाच साच्यातली. पिवळा नाहीतर गुलाबी कागद, वर 'सुवर्णसंधी', खाली 'त्वरा करा', मधे इमारतीचं चित्र आणि तिच्यापुढे एक लांबलचक मोटार. ज्याला वन रूम किचन घेताना बायकोच्या पाटल्या मोडाव्या लागणार, त्याच्या दारात मोटार कुठून येणार, असं कुणी विचारत नसे. मीही सुरुवातीला अशा चार-पाच मोटारी काढल्या.

मग मी बघायला लागले, की पेपरातून पडल्यावर त्या कागदाचं पुढे होतं काय. पुरुष उचलतात, भाव बघतात आणि टाकून देतात. बाई तो ठेवून देते आणि दुपारी आवराआवर झाली की पुन्हा काढते. आमची आई तसंच करायची, शेजारच्या काकूही. आणि त्या बघायच्या काय, तर ओट्यासमोर खिडकी आहे का, मोरी कुठे आहे, कपाट कुठल्या भिंतीला लागेल. यातलं काहीच कागदावर नसायचं. "बाहेरून बघून काय करायचंय? राहायचं आत आहे," काकू म्हणाल्या. त्या दिवशी मला माझा धंदा कळला.

पुढच्या हँडबिलात मी इमारत काढलीच नाही. पांढऱ्या कागदावर मधोमध घराचा नकाशा काढला, डब्याचं झाकण काढून आत डोकावावं तसा. त्यात पलंग, लोखंडी कपाट, देव्हारा, पाण्याचं पिंप, शिलाईचं मशीन. भोवती भरपूर मोकळी जागा. बिल्डरशेठ सिंधी होते, मनाने दिलदार, मला बेटी म्हणायचे. त्यांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"बेटी, इसमें बिल्डिंग किधर आहे?"

"साइटवर आहे, शेठ."

"और ये इतनी जगह खाली क्यों छोड़ी? कागज का पैसा तो मैं पूरा देता हूँ ना!"

पण पुढच्या रविवारी बायका ते कागद घेऊन थेट साइटवर आल्या. आमचा पलंग जरा मोठा आहे, इथे बसेल का, देव्हारा या कोपऱ्यात ठेवला तर चालेल का, असं विचारून त्यांनी शेठना भंडावून सोडलं. तेव्हापासून मोकळ्या जागेबद्दल शेठनी चकार शब्द काढला नाही. 'पलंगवाला हँडबिल' करून द्या म्हणत दुसरे बिल्डरही माझ्याकडे यायला लागले.

मी हवेत होते. बाबांवर मात्र काडीचा परिणाम नव्हता, आणि घराची गरज नेमकी त्यांनाच होती. ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि आम्ही अंबरनाथला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि निवृत्त झालं की क्वार्टर्स सोडायची. आईची झोप उडाली होती. मी एकेक हँडबिल पुढे ठेवायची आणि बाबा एकेक खोट काढायचे. शिवमंदिराजवळचं? "महाशिवरात्रीला घराबाहेर पाय टाकता यायचा नाही." एमआयडीसीच्या अलीकडचं? "जन्मभर तो वास घेतला, आता पुरे." बदलापूरचं? "लांब पडतं."

"कशाला लांब पडतं? आता तुम्हाला जायचंय कुठे?" मी चिडून विचारायची.

"यांना घर नकोच आहे," आई म्हणायची. मलाही तेच वाटायला लागलं होतं. आणि मनातून धास्ती वाटायची, की एक दिवस हे दोघं ट्रकमध्ये सामान भरून गावी काकांच्या दारात उभे राहतील, या वयात.

एका रविवारी दुपारी माझं डोकंच फिरलं. बाबांना खोट काढायला आवडतं ना, मग सगळे दोष मीच लिहिते, म्हटलं. बदलापूरला चामटोलीच्या रस्त्याला शेठची एक इमारत उठत होती, ती मी पाहून आले होते. तिचं हँडबिल करायला घेतलं, हाताने, एकच प्रत, एकाच गिऱ्हाइकासाठी. त्यात लिहिलं, की पाणी सकाळी येतं आणि लवकर जातं. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येईल. रिक्षावाले यायला कुरकुर करतात. बाल्कनीतून भातशेती दिसते, पण किती वर्षं दिसेल ते सांगता येत नाही. खाली नकाशा काढला. खिडकीशी बाबांची आरामखुर्ची, आईचं मशीन, देव्हारा, चपलांची फळीसुद्धा.

बाबांनी कागद वाचला. या वेळी उलटा केला नाही. नकाशावर बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"तुझं टेबल कुठंय?"

माझं ड्रॉइंगचं टेबल म्हणजे एक धूड होतं. क्वार्टर्समधली बाहेरची अर्धी खोली त्यानेच खाल्ली होती. पाहुणे आले की त्याला वळसा घालून बसायचे. ते मी काढलं नव्हतं. मुद्दाम नव्हे, सुचलंच नव्हतं. तिशी जवळ आली होती, दाखवण्याचे कार्यक्रम चालू होते, आणि आज ना उद्या मी या घरातून जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मीसुद्धा.

"वन रूम किचनमध्ये ते बसत नाही," बाबा म्हणाले. "तू आणलेल्या एकाही घरात बसत नव्हतं. मी प्रत्येक कागदावर बघितलं."

"मग तसं सांगायचं ना! शिवरात्र काय, वास काय..."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, टेबल विकून टाकू."

खरंच म्हणाले असते. तरी मी भांडले, "मी काय जन्मभर इथेच राहणार आहे का?"

"नको राहूस. गेलीस तर मी त्याच्यावर पेपर पसरून वाचीन. आलीस की उठेन."

आई दारात उभी राहून ऐकत होती. "एक खोली जास्तीची म्हणजे तेवढ्याच पैशात अजून आत जावं लागेल, चामटोलीच्याही पुढे," ती म्हणाली.

"जाऊ की," बाबा म्हणाले.

मला ते झेपेना. आत जाऊन पाणी प्यायले आणि डोळ्यांवरही मारलं. मग येऊन नवा कागद पसरला. तोवर कितीतरी घरं काढली होती, आणि दर वेळी आधी भिंती काढून मग त्यात सामान बसवलं होतं. त्या दुपारी मी आधी टेबल काढलं, आणि मग त्याच्याभोवती लागेल तेवढं घर.