तेव्हा पायी, आता घोडीवर

वही, माझं शुद्धलेखन चुकेल, ते माफ कर. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे, तेही चालवून घे. चौथी झाल्यावर मला गुरांमागे धाडलं, आणि गुरं ऱ्हस्व-दीर्घ विचारत नाहीत.

इथे परदेशात मुलाकडे राहते. शहराबाहेर, अल्बनीच्या पुढे एका गोऱ्या बाईचं घर झाडते-पुसते. तिच्याकडे चार घोडे आहेत, कुरणात थोडी गुरं आहेत. माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही. पण एकदा तिची कालवड फाटकातून निसटली, तेव्हा हातातला मॉप आडवा धरून, हुर्र हुर्र करत मी ती वळवून आणली. बाई खिडकीतून बघत होती. पुढच्या आठवड्यात तिने मला आपली म्हातारी घोडी दाखवली.

तिच्या क्लबात घोड्यावर बसून गुरं निवडायचा खेळ असतो. दहा गुरांच्या पाठीवर आकडे चिकटवतात. पंच एक आकडा पुकारतो. तिथून पुढे ओळीने एकेक जनावर एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात न्यायचं. एकाने आणायचं, दुसऱ्याने मधलं फाटक राखायचं. चुकीचा आकडा फाटकातून गेला की डाव संपला. गुरं मला कळतात, आकडेही येतात. घोडीवर बसणं येत नव्हतं, ते बाई शिकवीन म्हणाली. फीऐवजी मी लीद काढायची आणि खरारा करायचा.

बूट ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, पाच डॉलरला मिळाले. खोगीर मात्र जुनं असूनही आठशेचं. मुलाकडे उसने मागितले.

तो हसला. "आई, गुरांमागून सोडवून तुला इथे आणलं, आणि तू परत गुरांमागेच?"

"तेव्हा पायी होते," मी म्हटलं.

सून फार्मसीत काम करते. ती म्हणाली, तुम्ही हाड मोडून घेतलंत तर रजा माझी जाणार. मुलाने पैसे दिले, पण अट घातली. उन्हाळा संपेपर्यंत फिटले नाहीत तर खोगीर विकायचं. दोन आठवड्यांत हौस भागेल, असं त्याला वाटलं असणार.

पहिल्या स्पर्धेला सगळे बघायला आले. बाई फाटकावर, मी आत. तीन गुरं नीट गेली. चौथ्याला मी कडेने काढत होते, तेवढ्यात एक वासरू घोडीला घासून गेलं आणि माझा बूट त्याच्या पाठीला लागला. गाईला पाय लागला. माझे दोन्ही हात लगामावरून सुटले, वाकून वासराला लागले आणि कपाळाकडे गेले. लगाम सैल पडल्यावर घोडी जागच्या जागी थांबली. तेवढ्यात भलतंच जनावर बाईला चुकवून फाटकातून गेलं. डाव संपला. लोक हसले.

बाईने विचारलं, हे काय केलंस? माझ्या इंग्रजीत मी एवढंच म्हणाले, "फूट. काऊ. सॉरी, काऊ." ती पोट धरून हसली, पण त्यात टोचणी नव्हती.

गाडीत मुलगा म्हणाला, "झालं ना हसं? विकून टाकू ते खोगीर."

एरवी मी गप्प बसते. त्या दिवशी बसले नाही. "पाय लागला की नमस्कार करायचा, हे तुला मीच शिकवलंय. खोगीर विकायचं नाही."

त्याच आठवड्यात मी हिल्सबरोला झाडपुशीला आणखी एक घर धरलं. जायचं तर बस बदलावी लागायची, पण तिथले सगळे पैसे दर शुक्रवारी मुलाच्या हातात ठेवायचे. रविवारी लीद आणि घोडी. बाईने दोन्ही लगाम माझ्या डाव्या हातात दिले. या खेळात लगाम एकाच हातात धरतात, म्हणाली, तुला अजून जमत नव्हतं म्हणून दोन हातांत दिले होते. मग माझा उजवा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला. म्हणाली, हा तुझा.

पुढच्या स्पर्धेला मी घरच्यांना बोलावलं नाही. सहाव्या गुराला परत बूट लागला. डाव्या हाताने लगाम धरून ठेवला, उजव्याने वासराच्या पाठीला हात लावून कपाळाला नेला. घोडी चालतच राहिली. कोणाला हसायचं असेल तर हसू दे, मी नमस्कार सोडणार नव्हते. वेळ संपेपर्यंत आठ गुरं पलीकडे गेली. बक्षीस मिळालं नाही. मला ते नकोच होतं, मला पुढचा रविवार हवा होता.

उन्हाळ्याचा शेवटचा शुक्रवार आला. साठ डॉलर राहिले होते. जेवणं झाल्यावर मी ते टेबलावर ठेवले. मुलाने नोटा माझ्याकडे सरकवल्या. "राहू दे गं आई. तेवढे सोडले. नवे बूट घे."

"बुटांना काही झालेलं नाही," मी म्हटलं. "मोज."

त्याने तीन विसाच्या नोटा एकेक करून मोजल्या आणि खिशात ठेवल्या. आठशे पुरे झाले.