अंगठ्याच्या जागी आई

माझ्या मुलाचा अंगठा मोटरसायकलच्या स्टँडखाली सापडला, म्हणून म्हातारपणी मला अंतराळात जावं लागलं.

मुलगा म्हणजे रमेश. वय त्रेचाळीस, वाळूजला कंपनीत कामाला, डोक्यावर केस मोजकेच. अंगठ्याला ही भलीमोठी पट्टी बांधून घरी बसला आणि तिसऱ्या दिवशी माळ्यावर चढून त्यानं जुना व्हिडिओ गेम खाली काढला. तो चौथीत असताना आमच्या ह्यांनी छावणीच्या बाजारातून आणलेला. (मी मिक्सर मागत होते. आला हा!) त्यात एक टोपीवाला बुटका आधी पायऱ्यापायऱ्यांवरून उड्या मारतो, मग विमानात बसून आभाळात गोळ्या झाडतो. उड्या रमेशच्या, गोळ्या ह्यांच्या. बापलेकांनी कैक रविवार घालवले, पण शेवट काही दिसला नाही. शेवटचा राक्षस दर वेळी ह्यांनाच खायचा. हे जाऊन चार वर्षं झाली. राक्षस ठणठणीत आहे.

रमेशनं कॅसेटमध्ये फुंकर मारली, खोचली, आणि ते भंगार चक्क सुरू झालं!

"आई, इकडं ये. बटण दाबायला अंगठा नाय मला."

"तुझ्या बायकोला सांग."

"सुनंदा कामावर गेली. ये ना! एकदा शेवट बघायचाय. बाबाला म्हणलं होतं, दाखवीन म्हणून."

आता बापाचं नाव काढल्यावर काय बोलणार? कणीक झाकली आणि बसले.

रिमोट एक, माणसं दोन. बुटक्याला पुढंमागं न्यायची डावी बाजू रमेशकडं, उजवीकडचं लाल बटण माझ्याकडं.

"मी 'उडी' म्हणलं की, बरं का... उडी!"

मी उडी मारली. म्हणजे मी स्वतः. बुटका खड्ड्यात गेला आणि माझी कंबर धरली.

"आई, तू नको उडू! बटण दाब!"

"मग 'दाब' म्हण की रे!"

तेवढ्यात शेजारच्या शमीमभाभी कोथिंबीर द्यायला आल्या. "क्या चल रा ताई? मां-बेटे में झगडा हुआ क्या?"

"बसा भाभी. खड्डा दिसला की ओरडा."

त्या बसल्या आणि दर खड्ड्याला "या अल्ला!" ओरडायला लागल्या. बुटका आत पडल्यावर!

पडत-झडत पायऱ्या संपल्या, विमान आभाळात गेलं, आणि तिथं मात्र माझी लाज राहिली. माझं लहानपण पाचोडच्या शिवारात ज्वारी राखण्यात गेलं. मचाणावर उभं राहायचं, गोफण फिरवायची, उडत येईल ते हाकलायचं. कणसावर एक पाखरू बसता कामा नये. इथंही तेच! समोर काही दिसलं की टकटकटक!

"हाऽऽ हुर्र!"

"शाबास आई! लई भारी! बाबापेक्षा भारी!"

शेवटी तो राक्षस आला. मी बटण असं बडवलं की बोट सुन्न झालं, आणि राक्षस फुटला! रमेश उभा राहिला. शमीमभाभींनी कोथिंबीर उधळली. तेवढ्यात डावीकडून एक इवलंसं विमान हळूच उडत आलं.

टक!

ते फुटलं. पडदा काळा झाला, त्यावर इंग्रजी अक्षरं आली.

"जिंकलो ना रे?"

रमेश मटकन खाली बसला. "आई, ते बुटक्याला घरी न्यायला आलं होतं. बायको होती त्यात त्याची. गेमच्या डब्यावर चित्र आहे, बघ."

"मग तिनं आवाज द्यायचा ना! असं गुपचूप कोण येतं?"

"बेचारी," शमीमभाभी म्हणाल्या. "शौहर को लेने आई थी."

संध्याकाळपर्यंत रमेश तो डबा घेऊन माझ्याकडं पाठ करून बसला.

त्या गेममध्ये मधूनच सुरू करायची सोय नाही. हरला की पहिली पायरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. "आई, आज आपलं माणूस मारायचं नाय," रमेशनं दहादा बजावलं. मी ते इतकं मनावर घेतलं की राक्षस दिसताच हात मांडीखाली घातला.

"आई, मार!"

"घरचा असला तर?"

"शिंगं आहेत त्याला!"

शिंगांचं काय सांगतो! सोयऱ्यांत मी याहून वाईट तोंडं बघितलीत. एवढा विचार होईपर्यंत राक्षसानं बुटक्याला गिळलं.

पट्टी सुटून आता महिना झाला. अंगठा खडखडीत बरा आहे. तरी रविवारी रमेश सतरंजी टाकतो आणि लाल बटण माझ्याच हातात देतो.

"तुम्ही एकटे खेळा की," सुनंदा म्हणते. "आई असल्यावर शेवट कसा दिसायचा?"

"दिसंल सावकाश," तो म्हणतो. "घाई कुणाला आहे?"

मला आहे! चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. आपलं कोण आणि परकं कोण, हे मला आता नाही तर कधी कळायचं?