साडेपंधरा मिनिटांची फाइल

रेडिओच्या खरखरीशी सोमशेखरचं वैर जुनं होतं. शुक्रवार पेठेत त्याचं दुकान होतं आणि पाटीवर अजूनही 'कॅसेट भरून मिळेल' असं लिहिलेलं होतं. नव्वद सालापासून तो लोकांच्या यादीबरहुकूम गाणी भरून द्यायचा. दोन गाण्यांमधली जागा तो इतकी कापायचा की गिऱ्हाइकाने एक गाणं संपलं म्हणून श्वास घ्यावा, तोवर दुसरं सुरू. आपल्या कॅसेटमध्ये इतरांपेक्षा एक गाणं जास्त बसतं, ही त्याची शेखी होती. रिकामी पट्टी पाहिली की त्याला उष्टं टाकलेलं ताट पाहिल्यासारखं व्हायचं.

पुढे कॅसेटी गेल्या आणि कॉम्प्युटर आला. सोमशेखरने त्यात एफएमचं कार्ड बसवलं आणि गच्चीवर तांब्याच्या नळीचा एरियल स्वतःच्या हाताने उभा केला. पडद्यावर 'स्टीरिओ' ही अक्षरं स्थिर होईपर्यंत तो एरियल बोटभर इकडे, बोटभर तिकडे फिरवत राहिला. बायको शांभवी खालून अक्षरं आली की ओरडायची, गेली की ओरडायची. त्यात अख्खा रविवार गेला आणि बिचारीचा घसा बसला.

रेडिओवरचा आवाज थेट फाइलमध्ये उतरवणारं एक सॉफ्टवेअर त्याला मिळालं. त्यातली एक सोय पाहून तर तो हरखलाच. आवाज ठरवलेल्या पातळीखाली गेला की रेकॉर्डिंग आपोआप थांबायचं आणि वर आला की पुन्हा चालू व्हायचं. सोमशेखरने ती पातळी खरखरीच्या जरा वर ठेवली. आता गाण्यांमधली शांतता कापायचंही काम उरलं नाही, कारण ती फाइलमध्ये शिरायचीच नाही. एकदा लावलेली ही सोय त्याने पुन्हा कधी काढली नाही, आणि लावलीय हेही तो हळूहळू विसरला.

२००४च्या मार्चमध्ये तानाबाई दुकानात आली. शिरोळकडची, साठीची, हातात रेडिओ केंद्राचं पत्र. तिचा नवरा केरबा गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत उकळत असताना गूळ नेमका कोणत्या क्षणी तयार झाला, हे ओळखून काहील उतरवायला सांगणारा माणूस. डिसेंबरात केंद्रात बोलावून त्यांची मुलाखत घेतली होती. जानेवारीत ते गेले. आता गुरुवारी संध्याकाळी सातला ती पंधरा मिनिटांची मुलाखत लागणार, असं पत्र आलं होतं, तेही केरबांच्याच नावाने. प्रत मिळत नाही आणि कार्यक्रम पुन्हा लागणार नाही, हे तिने विचारून घेतलं होतं.

"घरात फोटू दोन हाईत," ती म्हणाली, "आवाज कुठंच न्हाय."

सोमशेखरने तिला काळजी करू नका म्हणून सांगितलं. गुरुवारी त्याच्या मावसभावाचा साखरपुडा होता, पण त्याने काय अडणार होतं? सॉफ्टवेअरला वेळ लावून दिली की ते आपलं आपण चालू होतं. वेळ लावली, दोनदा तपासली आणि तो जेवायला गेला.

रात्री परत आल्यावर त्याने फाइल उघडली. खरखरीचा मागमूस नव्हता, केरबांचा आवाज धुतल्यासारखा स्वच्छ आला होता. फाइल नऊ मिनिटांची होती. रेडिओवाल्यांनी कार्यक्रम आवरता घेतला असेल, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने सीडी बनवून ठेवली.

सोमवारी तानाबाई आली. तिला खुर्ची देऊन त्याने सीडी लावली. ती पदर तोंडाशी धरून शेवटपर्यंत ऐकत बसली. सोमशेखरला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही.

"ह्ये आमचं मालक न्हवंत," ती म्हणाली. "कुणीतरी घाईतला माणूस हाय ह्यो."

सोमशेखर चिडला. सकाळपासून त्याने स्वतः चारदा ऐकलं होतं, नाव केरबांचं, गाव त्यांचं. पण तिने गावात गुरुवारी शेजाऱ्यांच्या रेडिओवर तेच ऐकलं होतं आणि तेव्हा ते तिचे होते. मालक विचारल्याबरोबर कधी बोललेच नाहीत, तिने सांगितलं. चाळीस वर्षं काहिलीजवळ उभा राहिलेला माणूस. शब्द लवकर गेला तर गूळ पातळ राहतो, उशिरा गेला तर करपतो. मग तीच सवय घरातही आली. वाढू का विचारून ती आमटी ऊन करून आणायची, तेव्हा त्यांचं 'वाढ' यायचं.

 सोमशेखरने सॉफ्टवेअर उघडलं आणि त्याला शांतता गाळणारी ती सोय चालूच असलेली दिसली. केंद्रातल्या बंद खोलीत केरबा गप्प बसत होते, मुलाखत घेणाऱ्याने त्यांचं गप्प बसणं जपून ठेवलं होतं, आणि ह्याच्या कॉम्प्युटरने ते सगळं उडवलं होतं. गेलेलं परत येणार नव्हतं. त्याने तिला खरं सांगितलं. मान वर करायची त्याला लाज वाटत होती.

मग त्याने विचारलं, "मावशी, कुठं कुठं थांबलं हुतं, आठवतंय का?"

"पस्तीस वर्सं थांबलीया की मी," ती म्हणाली.

दुपारभर दोघं बसली. तो थोडं थोडं वाजवायचा. थांबायची जागा आली की ती बोट वर करायची आणि केरबा बोलायला लागायची वेळ झाली की खाली घ्यायची. तो घड्याळाकडे बघून तेवढे सेकंद रिकामे घालायचा. पहिल्यांदा त्याने कोरी शांतता घातली, तर तिने नाक मुरडलं. फोन कट झाल्यावाणी वाटतंय म्हणाली. बरोबर होतं तिचं. माणूस गप्प असला तरी रेडिओ गप्प नसतो. रेकॉर्डिंग थांबण्याआधी प्रत्येक ठिकाणी अर्धा सेकंद खरखर चुकून आत आलेली होती. सोमशेखरने ती शोधून काढली, वेचून जोडली आणि जन्मभर जिला हाकललं ती स्वतःच्या हाताने जागोजागी पसरली.

शेवटचा प्रश्न राहिला. तुमच्यामागे घरात हे काम कोण ओळखतं, असं मुलाखत घेणाऱ्याने विचारलं होतं. तानाबाईने बोट वर केलं. दहा सेकंद झाले, वीस झाले, तीस झाले. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. इतकी शांतता कुठलंही केंद्र ठेवत नाही, हे सोमशेखरला पक्कं ठाऊक होतं.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "एवढं?"

"थांब की. इचार कराय लागल्यात त्ये."

तो थांबला. मग कधीतरी तिचं बोट खाली आलं आणि केरबा म्हणाले, "बायकू वळखती. बोलत न्हाय, पर वळखती."

कार्यक्रम पंधरा मिनिटांचा होता. फाइल साडेपंधरा मिनिटांची झाली. सोमशेखरने ती तशीच सीडीवर उतरवली.