सगळ्यात खालच्या दर्जाचा रुपया

सुनीताताईंचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटत होते. "बाबा गेले वो सकाळी. चहा पिता पिता…" एवढंच त्या बोलू शकल्या. मी हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. ती पत्रकं त्यांच्या बाबांनीच, म्हणजे शामकाकांनी, महिन्याभरापूर्वी मला छापून दिली होती. मी उरलेली सगळी वाटली, मगच त्यांच्या घराकडे निघाले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, या पोरीला काही वाटत नाही का. पण अर्धी वाटून परत आणलेली पत्रकं शामकाकांना खपत नसत. "एवढा खिळा जुळवला मी, आन् तू रद्दीत टाकतं काय वो?" असं ते म्हणायचे. त्या दिवशी ते म्हणायला नव्हते, आणि गठ्ठा संपल्यावर माझ्या हातांना काय करावं ते सुचेना.

शामकाका खिळे जुळवणारे. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ बांधायची, ओळींचं पान बांधायचं, आणि पायाने चालवायच्या यंत्रावर छापायचं. हे काम त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं केलं. गावात सगळीकडे संगणकावर छपाई सुरू झाल्यावरही बाजाररस्त्यावरच्या त्यांच्या एका खोलीत पावतीपुस्तकं, हळदीकुंकवाची निमंत्रणं आणि माझी पत्रकं अशीच छापली जात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि जगावर रागावलेली होते. मजकूर वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लीडर, हे उद्गारचिन्ह मोजले का तू? सव्वीस हायेत. माह्याकडं नवूच खिळे हायेत."

"मग आणा ना काका आणखी."

"आता कोणी बनवत नाई थे. नवात भागव. बाकीचा राग शब्दात भर."

मला राग आलाच. पण घरी जाऊन सतरा वाक्यं पुन्हा लिहिली. आज माझं पत्रक लोक शेवटपर्यंत वाचतात, त्याचं श्रेय कुठल्या शिबिराला नाही, त्या नऊ खिळ्यांना आहे.

त्यांना एक नाद होता. जुने चांदीचे रुपये गोळा करायचे, तेही फक्त खराब झालेले. नाणी जमवणारे लोक चकचकीत नाणं शोधतात. राजाच्या मिशीचा केस न् केस दिसला पाहिजे. शामकाकांना मात्र घासून गुळगुळीत झालेला, कडेला कडी जोडल्याची खूण असलेला रुपया हवा असे. कारण तसे सात रुपये त्यांच्या आईच्या गळ्यात होते. गिरजाबाई, आंजी गावच्या. दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायच्या, तेव्हाही रुपयांचा तो हार पदराखाली असायचा. शाळेत आईचं नाव लिहायला शिकले त्याच दिवशी, सात-आठ वर्षांच्या शामने दाभण घेऊन मधल्या रुपयावर राजाच्या गालावर 'ग' कोरला. आईने आधी पाठीत धपाटा घातला आणि मग आठ दिवस गल्लीभर दाखवत फिरली. "माही माय वाचू नोती शकत," शामकाका सांगायचे. "पण थ्या अक्षरावर बोट ठेवून म्हणे, हे मी."

पुढे ते वर्ध्याला छापखान्यात काम शिकायला राहिले. तिथल्या राहण्याखाण्यासाठी आई हारातला एकेक रुपया सराफाला देत गेली. 'ग'चा रुपया सगळ्यात शेवटी गेला. त्याबद्दल ते कधी उसासा टाकत बसले नाहीत. फक्त नोकरी पक्की झाल्यापासून, कुठे तसा रुपया दिसला की घ्यायचे, पहिल्यांदा रुळाने शाई लावायचे आणि एका जाड वहीत त्याचा ठसा काढायचे. जाणकारांनी पाहिलं असतं तर चक्कर येऊन पडले असते. पण शामकाकांचं म्हणणं, "प्रूफ काढल्याबिगर मी कोणाले बी हो म्हणत नाई." वहीत असे एकतीस ठसे होते. एकातही 'ग' नव्हता.

मागच्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि फिरणं कमी झालं. तेव्हा मीच त्यांना मोबाइलवर नाणी विकणारी साइट दाखवली. तिथे नाणी पारदर्शक कडक डब्बीत बंद करून येतात, बाहेर दर्जा लिहिलेला असतो; यादीत चांगला दर्जा वर, खराब तळाला. त्यांनी बोट फिरवून सरळ यादीच्या तळाला जायचं. मी चिडवायची, "काका, लोक वरून खाली बघतात." ते म्हणायचे, "माही माय खालीच भेटन ना."

ते जायच्या महिनाभर आधी मी ऑनलाइन फसवणुकीविरुद्ध मोहीम चालवत होते. वडनेरच्या एका बाईंनी शिलाई मशीन मागवलं तर खोक्यात विटा निघाल्या, आणि तक्रार घेऊन ठाण्यात गेलेल्या बाईंनाच साहेब म्हणतो, तुम्ही कशाला मागवलं? माझं डोकं फिरलं होतं, आणि ते फिरायलाच हवं होतं. पत्रक लिहिलं. मथळा: 'थांबा! आधी विचारा, मग पैसे टाका.' शामकाकांनी मथळ्यासाठी ठेवणीतली मोठी लाकडी अक्षरं काढली. छपाई झाल्यावर, शाईचे हात पुसत, त्यांनी 'पाहा' म्हणून माझ्यासमोर मोबाइल धरला.

"पाय बरं. हा पाय."

पडद्यावर रुपयाचा मोठा केलेला फोटो होता. राजाचा चेहरा झिजून नुसता उंचवटा उरलेला, भोवतीची अक्षरं पुसलेली. खाली लिहिलं होतं : दर्जा सगळ्यात खालचा, कडी तोडल्याची खूण, गालावर ओरखडे.

"ग," ते म्हणाले. त्यांचा आवाज वेगळाच लागला होता. "दिसून राह्यला ना?"

मी फोटो मोठा केला, लहान केला. एक उभी रेघ आणि तिच्या उजवीकडे गळासारखा एक आकडा. बाकी खरवड. "मला तर काहीच नाही दिसत काका."

"अवो, हा काय! दंडा, आन् हा त्याचा पाय. एवढी शिकली तू, आन् ग नाई ओळखत?"

आणि मग मी बोलले. कशी बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. हीच तर यांची पद्धत आहे, म्हाताऱ्या माणसाची जुनी आठवण हेरायची आणि भंगार गळ्यात मारायचं. असले ओरखडे लाख नाण्यांवर असतील. छापलेलं पत्रक त्यांच्याच हातात देऊन म्हटलं, वाचा काय छापलंय तुम्ही. आणि शेवटी म्हटलं, "तुम्हाला पाहायचंय ना काका, म्हणून तुम्हाला दिसतंय."

त्यांनी पत्रक गठ्ठ्यावर परत ठेवलं.

"असन वो…" म्हणाले. "डोये बी म्हातारेच हायेत आता. तू मना करतं त राहू दे. पण फोटो ठेवजो तुह्या मोबाइलात. पायले बरा वाटते." मी फोटो साठवून घेतला, म्हाताऱ्याची समजूत काढायची म्हणून. निघताना त्यांनी विचारलं, "काऊन चिडतं इतकी? तुह्या भल्याचंच बोलली ना तू माह्या?" वाक्याची गाडी कुठे घसरली ते त्यांनाही कळलं आणि आम्ही दोघं हसलो. ती आमची शेवटची भेट.

पंधरवडा उलटल्यावर सुनीताताई छापखाना आवरायला आल्या. त्या हिंगणघाटला शिक्षिका आहेत. खोली रिकामी करायची होती. मी मदतीला गेले. दगडी टेबलावर माझ्या पत्रकाचं पान अजून दोरीने बांधलेलं तसंच होतं. अक्षरं सोडवून जागच्या जागी ठेवायची राहून गेली होती. शामकाका नेहमी ते दुसऱ्या दिवशी करत. या वेळी त्यांनी का केलं नाही, कोण जाणे… मी मथळ्याची मोठी अक्षरं एकेक काढू लागले. छापायची अक्षरं उलटी असतात, आरशात दिसावीत तशी. मला ती कधीच वाचता आली नाहीत. शेजारी छापलेलं पत्रक ठेवून ओळखत होते. 'थांबा' झालं. 'आधी विचारा' झालं. 'मग' मधला 'ग' हातात घेतला आणि थांबले.

डावीकडे उभी रेघ. तिच्या उजवीकडे आकडा.

ही खूण मी पाहिली होती. मोबाइल काढला, साठवलेला फोटो उघडला, आणि तो आडवा उलटवला. एका बटणाचं काम होतं… एका बटणाचं. रुपयावर, राजाच्या गालावर, वेडावाकडा, लहान मुलाच्या हाताचा 'ग' उभा राहिला. राजाही आता डावीकडे पाहू लागला, त्याच्या सगळ्या रुपयांवर पाहतो तसा. विकणाऱ्याने फोटो उलटा चढवला होता, बस. आणि शामकाकांच्या ते लक्षातच आलं नाही, कारण पन्नास वर्षं उलटी अक्षरं सरळ वाचणाऱ्या माणसाला उलटं काय आणि सुलटं काय! मला त्यांच्या डोळ्यांचा दोष वाटला होता. ते डोळे माझ्यापेक्षा चांगलं वाचत होते, आणि मी त्यांना त्यांच्याच छापलेल्या पत्रकाने गप्प केलं होतं.

मी सुनीताताईंना सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनेच सांगितलं. त्या पेटाऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आहे का अजून तो?"

होता. सगळ्यात तळाला होता. खालच्या दर्जाचं कोण घेतो!

तरीही मी लगेच घेतला नाही, हे लिहिलं पाहिजे. विटांचं खोकं मी डोळ्यांनी पाहिलंय. पत्रकात लिहिलेलं सगळं मी विकणाऱ्याला विचारलं: नाणं कुठून आलं, परत घ्याल का, गालाचा आणखी एक फोटो पाठवता का. फोटो आला, या वेळी सरळ. 'ग' होता. कुठून आलं, ते त्याला माहीत नव्हतं. जुन्या चांदीच्या ढिगात मिळालं म्हणाला. हा रुपया गिरजाबाईंचाच, असं मी पत्रकात छापणार नाही. पुरावा नाही. गंगा, गोदा, गणपत, कुणीही असू शकतं. दाभण काही एकाच पोराच्या हातात नव्हतं. तसं मी ताईंना स्पष्ट म्हटलंही.

"आजीचा असन नाईतर नसन," शिक्षिकेची भाषा सोडून त्या बोलल्या. "बाबाले दिसला ना? मंग घे."

रुपया मागच्या आठवड्यात आला. डब्बीवर सूचना होती की उघडल्यास दर्जा रद्द होईल. छापखान्यातल्या लाकडी हातोडीने मी ती फोडली. गेला दर्जा. मग काकांच्या रुळाने शाई लावली, बत्तिसाव्या पानावर रुपया ठेवून अंगठ्याने दाबला. शाईच्या काळ्या गोलात पांढरी रेघ उमटली, डावीकडे. तिच्या उजवीकडे आकडा. फोटोत होता तसाच, उलटा.

मला तो सरळ वाचता आला.

सुनीताताईंनी खोली सोडली, पण अक्षरांची पेटी माझ्या घरी पाठवली. ती दाराशी ठेवली आहे. प्रत्येक अक्षराला तिच्यात एकेक खण आहे. उद्गारचिन्हांच्या खणात अजून नऊ खिळे आहेत, मी मोजले. 'ग'च्या खणात, शिशाच्या अक्षरांवर, तो रुपया आहे. शाई मी पुसलेली नाही… येताजाता बोट लागतं, आणि बोट काळं होतं.