पंधरावं लागलं

थोरल्या बहिणीने आर्वीहून फोनवर सांगितले होते, "तिले पंधरावं लागलं." मी वहीत भाचीच्या नावापुढे, वयाच्या रकान्यात, पंधरा हा आकडा लिहिला आणि कामाला लागले.

मी प्रयोगशाळेत काम करते. तारखांची मांडणी करणे हा माझा रोजचा व्यवहार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने आमची आई गेली. निदान झाले तेव्हा उपचारांच्या हाती फारसे काही उरले नव्हते. म्हणून भाचीला त्या कर्करोगाची प्रतिबंधक लस देण्याची जबाबदारी मी स्वतःच्या अंगावर घेतली होती. डॉक्टरांनी सांगितलेला नियम सरळ होता : पहिला डोस पंधरा वर्षे पूर्ण होण्याआधी घेतला तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, नंतर घेतला तर तीन लागतात. मी ऑगस्ट, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी अशा तीन तारखा आखल्या.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मायलेकी सिंदी मेघेला माझ्या घरी आल्या. सोमवारी दवाखान्यात जायचे होते. मी कागद ताईपुढे ठेवला.

"तीन?" भाचीने दंड चोळला. "मावशी, एक तू घेजो माह्या वाटचा."

ताई ऑक्टोबरवर बोट ठेवून थांबली होती. "हे तं ऐन वेचणीत येते. कापूस फुटला का मले उसंत नाई. राहू दे, पुढच्या साली पाहू."

"पुढच्या वर्षी नाही, ताई."

"काऊन? चौदा वर्साची पोरगी हे. कुठं पयून राह्यली?"

"चौदा? फोनवर तर पंधरा म्हणालीस."

"पंधरा कुठं म्हनलं वं? पंधरावं लागलं म्हनलं. एवढी शिकली अन् लागलं म्हंजे समजत नाई तुले?"

भाची इतकी हसली की तिला ठसका लागला. मी जन्मदाखला मागितला. डिसेंबरमध्ये पंधरा पूर्ण होणार होती. आई आमची वये अशीच सांगत असे, चालू वर्ष धरून. पूर्ण झालेले वर्ष मोजायला मी शाळेत शिकले आणि घरची मोजणी विसरले. माझ्या एका आकड्यामुळे ताई वर्षभर थांबली असती, आणि मग खरोखरच तीन डोस लागले असते.

मी ऑक्टोबर खोडला. भाची मात्र विचारात पडली. "पन फेब्रुवारीत मी पंधराच्या वर असन ना? मंग तिसरा?"

"नाही. पहिला डोस कोणत्या वयात घेतला, तेच धरतात."

प्रश्न अचूक होता. मला तिचा अभिमान वाटला, आणि थोडा स्वतःचाही.

डिसेंबरमध्ये ताईचा फोन आला. "आज पंधरा पुरे झाले, सोळावं लागलं. दोन्ही सांगून राह्यली. नाई तं चार सुया लिहिशीन."

फेब्रुवारीत वेचणी आटोपून दोघी आल्या. दुसरी सुई टोचताना भाचीने डोळे मिटून माझा हात धरला होता. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाहेर आल्यावर ताईने लसीचे कार्ड माझ्याकडून मागून घेतले आणि दोन्ही तारखा बोट ठेवून वाचल्या.

"झालं ना पुरं?"

"पूर्ण झालं."

"लागलं नाई ना नुस्तं?"

"नाही गं ताई, पूर्ण."

तिने कार्ड पदराच्या टोकात बांधले. आई दवाखान्याचे कागद असेच बांधायची.